जालान-जालान, चारी माकान!

"सुआमी? इस्तेरी?"

गेस्ट हाउसच्या काउंटरवरच्या बाईंनी आधी त्याच्याकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, विमानातून उतरून आम्ही अर्धे झोपेत होतो, तरी दोघांना एकदम कळलं. स्वामी आणि स्त्री! मलय भाषेत नवरा-बायकोसाठी हेच शब्द आहेत. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, 'स्वामी' जरा जास्तच होतंय.

तर ही गोष्ट आहे मलेशियातल्या पेनांग बेटावर, जॉर्जटाउन शहरात घालवलेल्या एका दिवसाची. तुम्ही कधी इन्स्टावर 'पेनांग इन वन डे' शोधलं असेल तर पंधरा ठिकाणांची यादी तुमच्याकडेही सेव्ह असेल. आमच्याकडे होती. नवऱ्याने ती एक्सेलमध्ये उतरवली होती, प्रत्येक ठिकाणापुढे वेळ घालून. (अशा माणसांच्या प्रेमात पडलेल्या मुलींनो, मी तुमच्या सोबत आहे.) त्यातली अकरा ठिकाणं आमची राहिली. का राहिली ते सांगते, कारण उद्या तुम्हीही कुणासोबत तरी कुठेतरी फिरायला जाणार आणि सकाळी अकराला भर रस्त्यात भांडणार. त्यातून कुणाची सुटका नाही.

आमची पार्श्वभूमी थोडक्यात. तो माळकरी घरातला. अंडंसुद्धा नाही. मी मालवणची. लग्नाआधी नीट बोलून ठरवलं होतं की घरात मासे शिजणार नाहीत, बाहेर मी काय वाट्टेल ते खावं. ऐकायला किती सोपं वाटतं ना? तुमच्याही ग्रुपमध्ये अशी एखादी जोडी असेल, कॅन्टीनमध्ये एकाच टेबलावर व्हेज थाळी आणि ऑम्लेट-पाव घेऊन बसणारी. त्यांना विचारा, किती सोपं आहे ते.

आणि खाण्याच्या बाबतीत पेनांग म्हणजे साधंसुधं गाव नाही. इथे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक फक्त खायला येतात. मलयमध्ये 'जालान' म्हणजे रस्ता. तोच शब्द दोनदा म्हटला की 'भटकणं'. 'चारी माकान' म्हणजे 'खायला शोधणं'. जालान-जालान, चारी माकान. भटका आणि खायला शोधा. शहराचा अख्खा कार्यक्रम चार शब्दांत!

सकाळची सुरुवात तुम्हीही आमच्यासारखीच करा, कारण ती दोघांनाही चालते. रस्त्यावरच्या 'मामाक' स्टॉलवर जायचं आणि रोटी चानाई मागवायची. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांची खाण्याची दुकानं, आणि हा शब्द तमिळमधल्या 'मामा'वरूनच आलाय. मैद्याचा गोळा हवेत भिरकावून रुमालाएवढा पातळ करतात, घडी घालून तव्यावर टाकतात, भाजला की दोन्ही हातांनी चुरगळून पदर सुटे करतात. सोबत डाळ. इथे शाकाहाऱ्यांनी जपून राहायचं. वाटीत डाळीऐवजी माशाची करीही येऊ शकते, त्यामुळे आधीच सांगा. आम्ही एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं, 'साया ताक माकान दागिंग, इकान, उदांग.' मी मांस, मासे, कोळंबी खात नाही. यातलं 'ताक' म्हणजे 'नाही'. नवऱ्याला हे इतकं आवडलं की तो दिवसभर गरज नसतानाही ताक ताक करत होता. अंडं नको असेल तर 'तेलूर' हा शब्दही जोडा. सोबत तेह तारिक घ्या, म्हणजे एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस काढलेला दुधाचा चहा.

त्याच स्टॉलवर बाजूला 'नासी कांदार' मांडलेलं होतं, भात आणि पंधरा-वीस प्रकारच्या करी. कांदार म्हणजे खांद्यावरची काठी. पूर्वी तमिळ विक्रेते काठीच्या एका टोकाला भात, दुसऱ्या टोकाला कालवण लटकवून गोदीतल्या कामगारांना विकायचे. थोडक्यात कावड. नवऱ्याने हे वाचलं आणि त्या पातेल्यांकडे पहिल्यांदा आदराने बघितलं. मी एक चमचासुद्धा घेतला नाही. 'भूक नाही' म्हटलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आठ ते दहा ही जॉर्जटाउनमध्ये चालण्याची वेळ. हे शहर विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंश वर आहे, दहानंतर घामाने हाल होतात. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने हे बेट ताब्यात घेतलं आणि राजा तिसऱ्या जॉर्जच्या नावाने शहर वसवलं. बंदर सुरू झालं आणि जहाजांतून सगळे आले. चिनी, तमिळ, अरब, आर्मेनियन, अचेनी. त्यांच्या खुणा बघायला 'मस्जिद कापितान केलिंग' याच नावाचा रस्ता धरा. पंधरा-वीस मिनिटं चालण्यात १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, क्वान यिन या करुणेच्या देवीचं उदबत्त्यांच्या धुरात बुडालेलं चिनी मंदिर, जवळच १८३३ चं मरिअम्मनचं देऊळ आणि भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांनी बांधलेली मशीद असं सगळं लागतं. 'केलिंग' हा शब्द कलिंगवरून आला असं मानतात. एकेकाळी तो भारतीयांसाठीचा साधा शब्द होता, आता तिथे ती शिवी समजली जाते. मशिदीच्या नावात राहिलाय तेवढा ठीक, तुम्ही तोंडातून काढू नका.

दुकानांच्या समोरून चालताना डोक्यावर छप्पर असतं. वर घर, खाली दुकान आणि दुकानापुढे पाच फुटांची झाकलेली वाट. हिचं नाव 'काकी लीमा', म्हणजे पाच पावलं किंवा पाच फूट. फोर्टमधल्या कमानींखालून चालला असाल तर साधारण तसंच, फक्त इथे मध्येच कुणाची स्कूटर, कुणाचा देव्हारा, कुणाची वाळत घातलेली मासळी. २००८ मध्ये मलाक्कासोबत हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं ते याच गल्ल्यांमुळे.

इथपर्यंत आमचा दिवस एक्सेलप्रमाणे चालला होता. मग आली आर्मेनियन स्ट्रीट.

२०१२ मध्ये लिथुआनियाच्या अर्नेस्ट झाखारेविच या चित्रकाराने जॉर्जटाउनच्या भिंतींवर चित्रं काढली. त्यातलं सायकलवरच्या दोन मुलांचं चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. मुलं भिंतीवर रंगवलेली, सायकल मात्र खरी, भिंतीला ठोकलेली. चित्र गोड आहे, काही वाद नाही. पण त्याच्यासमोर रांग होती. प्रत्येक जोडपं जाणार, मुलगी सायकलचा मागचा भाग धरणार, मुलगा फोटो काढणार, मग आलटून पालटून. आम्ही रांगेत पंचवीस मिनिटं उभे. ऊन डोक्यावर. नवरा म्हणाला, "हे झालं की अजून सात म्युरल्स आहेत, सगळी जवळच."

मी म्हटलं, "मला नको आहेत."

"अगं, इतक्या लांब आलो..."

"मला लाक्सा खायचाय."

"मग खा की. मी कधी अडवलं?"

"अडवलं नाहीस. पण नाक आक्रसतोस."

रांगेतल्या मागच्या मुलींना मराठी येत नव्हतं, पण भांडणाला भाषा लागत नाही. तो म्हणाला, "वास आवडत नाही त्याला मी काय करू? मी तोंडातून एक शब्द काढलाय का आठ महिन्यांत?" आणि खरंच काढला नव्हता. त्रास नेमका तोच होता. तो बोलत नव्हता म्हणून मीच आपली आवरत गेले होते. आधी त्याच्यासमोर मासे मागवणं कमी झालं, मग बंद झालं, मग मी 'भूक नाही' म्हणायला लागले. त्या माणसाने काही मागितलंही नव्हतं आणि मी मात्र मनात हिशेब लिहून ठेवत होते. तो हिशेब नेमका आर्मेनियन स्ट्रीटवर, ३३ अंशांत, बाहेर पडला.

शेवटी त्यानेच सुचवलं, आणि त्याबद्दल मी त्याला पूर्ण मार्क देते. "दोन तास वेगळे फिरू. दोनला चेंडोलच्या गल्लीत भेटू." आमच्याकडे लोकल सिम एकच होतं, त्याच्या फोनमध्ये. मी गेस्ट हाउसमधून उचललेला कागदी नकाशा घेतला आणि निघाले. हनिमूनवाले, कपलवाले, सगळ्यांना माझं प्रामाणिक मत सांगते. बाहेरगावी दिवसातले दोन तास वेगळे काढा. भांडण झालं नसेल तरी काढा.

पेनांग रोडच्या बाजूला एका कोपऱ्यावरच्या 'कॉपीतियाम'मध्ये मी शिरले. म्हणजे चिनी पद्धतीचं कॉफीचं दुकान. छताला पंखे, गोल टेबलं, आणि आत वेगवेगळ्या मालकांच्या खाण्याच्या गाड्या. तुम्ही कुठल्याही गाडीवर ऑर्डर द्यायची, बसलेल्या टेबलाचा नंबर सांगायचा, प्यायचं मात्र दुकानाच्या मालकाकडून घ्यायचं. बहुतेक प्लेट दहा रिंगिटच्या आत-बाहेर, आणि एक रिंगिट साधारण वीस रुपयांच्या घरात. एका गाडीवरचा माणूस चार क्वे तिआव परतत होता. तांदळाच्या चपट्या नूडल्स, कोळंबी, तिसऱ्यांसारखे शिंपले, मोड, अंडं, आणि पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी. जाळ एवढा मोठा की कढईच्या आत आग शिरते, आणि चांगला माणूस एका वेळी एकच प्लेट करतो, कितीही रांग असली तरी.

पण मी लाक्सासाठी आले होते. पेनांगचा आसाम लाक्सा. आसाम म्हणजे चिंच किंवा आंबट. तांदळाच्या जाड शेवया, त्यावर माशाचा दाट, आंबट-तिखट रस्सा, वरून काकडी, अननस, कांदा, पुदिना, जंगली आल्याच्या फुलाच्या बारीक चिरलेल्या पाकळ्या, आणि बाजूला चमचाभर काळी गोडसर कोळंबीची पेस्ट. पहिला घोट घेतला आणि मी चमचा खाली ठेवला. यातला मासा मला माहीत होता! तिथे त्याला 'इकान केम्बुंग' म्हणतात. आपला बांगडा.

चिंचेतला बांगडा. समोर बसलेले चिनी आजोबा वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी मान वर करून बघितलं, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी मिरचीमुळे असेल असं समजून टिश्यूचं पाकीट पुढे सरकवलं. थोडं मिरचीमुळेही होतं. मी संपूर्ण वाटी रिकामी केली, कुणाचंही नाक बघितलं नाही. मग चार क्वे तिआवसुद्धा मागवलं. आठ महिन्यांची थकबाकी होती.

दोनला लेबुह केंग क्वीच्या तोंडाशी पोहोचले तर तो आधीच रांगेत होता. (रांगेची त्याला आवडच आहे.) चेंडोल म्हणजे पांदान या पानाच्या रंगाच्या हिरव्या तांदळाच्या शेवया, राजमा, बर्फाचा चुरा, नारळाचं दूध आणि ताडगुळाचा पाक. संपूर्ण शाकाहारी. रस्त्याच्या कडेला उभं राहून, एकाच वाटीतून, दोन चमच्यांनी. ताडगूळ आणि नारळ म्हटल्यावर कोकणातल्या आणि देशावरच्या माणसाचं एकमत व्हायला काहीच हरकत नाही.

"बोल, काय बघितलंस?" मी विचारलं, आणि तो सुटला. खू कोंग्सी बघून आला होता. खू या आडनावाच्या चिनी कुळाचं भव्य देऊळ-कम-सभागृह. १९०१ मध्ये मूळ इमारत जळली. लोक म्हणतात, ती सम्राटाच्या राजवाड्याइतकी दिमाखदार झाली म्हणून देवांचा कोप झाला. १९०६ मध्ये पुन्हा बांधली ती जरा बेताची, आणि ती बेताचीच इतकी नक्षीदार आहे की मान दुखते. त्याला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. आत भिंतींवर कुळातल्या मुलामुलींच्या डिग्र्यांच्या पाट्या लावल्यात. वकील झाला, लाव पाटी. पूर्वजांच्या शेजारी! "विचार कर, केटी लागली तर पूर्वजांना काय तोंड दाखवायचं," तो म्हणाला.

मग लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवला. भात, सांबार, तीन भाज्या, वर पापड. तिथे पाटीवर 'तोसाई' लिहिलं होतं, डोसा नाही. कारण त्याने वाढप्याला विचारून घेतलं. मलयमध्ये 'दोसा' म्हणजे पाप, आपला 'दोष'. "मी दोन पापं खाल्ली," तो म्हणाला. मी म्हटलं, "मीही दोन." आणि आम्ही तिथेच, चेंडोलच्या रांगेच्या मधोमध, हसत सुटलो.

चारनंतर ऊन उतरलं तसे आम्ही वेल्ड की या किनाऱ्याच्या रस्त्याला गेलो. इथे पाण्यावर वस्त्या आहेत. समुद्रात खांब रोवून, त्यावर लाकडी फळ्यांची वाट आणि दोन्ही बाजूंना घरं. बहुतेक जेट्या एकेका चिनी कुळाच्या. सगळ्यात मोठी च्यू कुळाची. फळ्यांखाली पाणी चुबुक चुबुक वाजतं. एका निळ्या दाराला लाल कंदील लावलेला होता, फार सुंदर दिसत होतं. मी दाराला टेकून उभी राहिले, नवऱ्याने फोन वर केला, आणि दार आतून उघडलं.

एक आजी. हातात झाडू. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या बाजूने वाकून उंबरा झाडायला लागल्या. मी बाजूला झाले तेव्हा दाराशेजारची पाटी दिसली. इथे लोक राहतात, शांतता राखा, आत फोटो काढू नका. मी तिलाच पाठ लावून उभी होते. 'सॉरी' म्हटलं, त्यांनी मानेनेच 'असू दे' केलं. ओशाळलो दोघं. दादरला माझ्या मावशीच्या चाळीत कुणी गॅलरीत येऊन तिच्या दाराला टेकून पोझ दिली असती तर मावशीने नुसता झाडू मारला नसता.

ही चाळीची आठवण उगाच नाही आली. जॉर्जटाउनमध्येही आपल्याकडच्यासारखा भाडेनियंत्रण कायदा होता. जुन्या घरांत पिढ्यान् पिढ्या थोड्या भाड्यात कुटुंबं राहायची. १९९७ मध्ये तो रद्द झाला, २००० पासून अंमल सुरू झाला आणि भाडी वाढली तशी असंख्य कुटुंबं मध्यवस्तीतून बाहेर पडली. रिकाम्या घरांत पुढे कॅफे आले, बुटिक हॉटेलं आली, आमच्या गेस्ट हाउससारखी गेस्ट हाउसंही आली. दोन जेटी २००६ मध्ये पाडल्या. उरलेल्या जेट्यांवर माणसं अजून राहताहेत, आणि आपण त्यांच्या दारात चेहरा वाकडातिकडा करून सेल्फी घेतो. तुम्ही गेलात तर जरूर जा, पण फोन खिशात ठेवून टोकापर्यंत चाला. टोकाला बसायला फळी आहे. समोर फक्त समुद्र.

मध्येच कामाचं सांगून टाकते. भारतीय पासपोर्टवर डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी तपासा. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. जुन्या शहरात फिरायला 'कॅट' नावाची फुकट बस आहे. आणि पैसे वाचवायचे असतील तर क्वालालंपूरहून ट्रेनने बटरवर्थला या, तिथून फेरीने बेटावर. आम्ही थेट विमानाने आलो होतो, म्हणून ती फेरी राहिली होती.

जेटीवरून फेरीचा धक्का चालत गाठता येतो. यादीप्रमाणे त्या वेळी आम्ही पेनांग हिलवर असायला हवं होतं, १९२३ पासून चालणाऱ्या डोंगर-रेल्वेने वर जाऊन दिवे बघत. नवऱ्याने फोन काढला, एक्सेल उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि बंद केलं. म्हणाला, "बोटीने पलीकडे जाऊन परत येऊ. काहीच न बघता."

साताची फेरी. तिकीट एका चहाच्या हिशेबात. कामावरून घरी निघालेली माणसं, शाळेच्या गणवेशातली दोन पोरं, एका बाईंच्या हातात भाजीची पिशवी. खाडीतलं पाणी तांबडं झालं होतं, मागे बेटावरचा डोंगर काळा होत चालला होता. आम्ही कठड्याला टेकून उभे होतो. बराच वेळ कुणीच बोललं नाही.

मग तो म्हणाला, "तो लाक्सा कसा लागतो गं?"

मी बघितलं, थट्टा करतोय का. करत नव्हता. नाकही जागेवर होतं.

"आईच्या बांगड्याच्या तिखल्यात कुणी अननस आणि पुदिना टाकला ना, तर..." मी सुरू केलं.

"थांब, तिखलं कसं लागतं ते मला कुठे माहितीये?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग चिंचेपासून सुरुवात केली. चिंच कशी भिजवतात, त्रिफळं कधी घालतात, आई झाकण कधी काढते, आणि मी लहान असताना त्या वाफेत तोंड घालून कशी उभी राहायचे. बटरवर्थचा धक्का आला, माणसं उतरली, नवी चढली. आम्ही उतरलो, परतीचं तिकीट काढलं आणि पुन्हा चढलो. परत येताना मी अजून त्रिफळांवरच होते.